डांबरापासून बारा पावलं

ऑफिसात नवा माणूस आला की आपण विचारतो, काय काम आहे. काका विचारायचे, "येतायेता कुठी थांबलते?"

मग तो खडीचा कंत्राटदार असो, खड्ड्यांची तक्रार घेऊन आलेला सरपंच असो, नाही तर नागपूरहून जीपमधून उतरलेला मोठा साहेब असो. कुठे थांबलात, काऊन थांबलात, सावली कशाची होती, बसलात कशावर, आणि शेवटी, आवाज तसूभरही खाली न आणता, "लघवीले कुठी गेलते?" मोठ्या साहेबाला हे विचारलं त्या दिवशी सगळं ऑफिस माना खाली घालून फायली चाळू लागलं. साहेब म्हणाले, "व्हॉट नॉनसेन्स." काकांनी वहीत लिहून घेतलं, 'सांगायला तयार नाही', आणि वही मिटली.

वर्ध्यातल्या आमच्या रस्त्यांच्या ऑफिसात ते हेड ड्राफ्ट्समन होते. रस्ते, मोऱ्या, पूल यांचे नकाशे काढायचे, हे आमचं काम. नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी तिथे लागलो, कच्च्या नेमणुकीवर, आणि माझा बोर्ड नेमका त्यांच्या बोर्डाला लागून ठेवला गेला. ज्या बाबूनं ती टेबलं लावली त्याला मी वर्षभर रोज मनातल्या मनात शिव्या दिल्या. पाठीमागे सगळे त्यांना बह्याड म्हणायचे. आमच्याकडे बह्याड म्हणजे अर्धवट, डोक्यानं सुटलेला. समोर मात्र सगळे काका म्हणत, मीही म्हणायचो.

बुटका, वाळका माणूस. बाराही महिने हातात छत्री आणि शर्टाच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी. ती पट्टी ते माणसांना लावायचे. बसस्टँडवर एखादी म्हातारी बाकावर बसली आणि तिचे पाय लोंबकळताना दिसले, की हे गुडघ्यावर खाली बसून टाच ते गुडघा मोजणार. म्हातारी किंचाळायची. एकदा तर त्यांनी ऑफिसच्या व्हरांड्यात वेगवेगळ्या उंचीचे पाच ओटे विटांनी रचले आणि पेन्शनच्या कामाला आलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आळीपाळीनं त्यावर बसवलं. "ह्याच्यावर बसून पाह्य, माय. आता ऊठ. उठतानी हात टेकवा लागला का?" दोन दिवस हा तमाशा चालला. शेवटी निकाल लागला, सतरा इंच. "अठरा इंचावर म्हातारीचे पाय टेकत नाई," मला म्हणाले, "आन सोळावर बसली तं उठता येत नाई. लिहून ठेव बे, कोणी इचारलं तं सांगता येईन." कोणीही विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती. त्यांना महामार्गावर थांबण्याची जागा काढायची होती. धाबा नव्हे, एसटीचं स्टँड नव्हे. लांबच्या प्रवासातल्या माणसानं उतरावं, पाठ टेकावी, तोंड धुवावं, पोराला पाजावं आणि पुन्हा गाडीत बसावं, एवढीच जागा. "रस्ता सगळेच काढते बे," ते म्हणायचे. "थांबाचं कुठी, ते कोण काढन?" आणि दारूबंदीवरून कोणी जिल्ह्याचं कौतुक सांगू लागलं की फटकन बोलायचे, "दारूबंदी हाय म्हून छाती फुगवून राह्यले सारे. अबे, बायायची पाणीबंदी उठवा न अगोदर!"

पाणीबंदीचा अर्थ मला त्यांच्यासोबत पुलगावकडच्या एका गाडीत बसलो तेव्हा समजला. मे महिना, गाडी तव्यासारखी तापलेली. काकांनी पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढली आणि सीटांमधून फिरू लागले. "पाणी घ्या. थंडं हाय, माठातलं हाय." पुरुष घटाघटा प्यायले. बायकांपैकी एकीनं पोराला पाजलं, स्वतः ओठ ओले केले आणि बाटली परत दिली. बाकीच्यांनी मान हलवली. काका एकीसमोर थांबले. "काऊन नाई पिऊन राह्यल्या तुमी? ओठ पाहा कसे सुकले." ती बाई पदर सावरून खिडकीबाहेर पाहू लागली. तिच्या नवऱ्यानं डोळे वटारले. कंडक्टर मला म्हणाला, "तुमचे मास्तर मार खाईन एखाद दिवशी." मी हसलो. त्या वेळी मला हसू आलं होतं, हे मी कबूल करतो.

असा माणूस प्रेमळ असेल असं कोणालाही वाटेल. अजिबात नव्हता. चहाचा कप बोर्डाच्या हातभर जवळ आला तरी ते उचलून खिडकीबाहेर ओतायचे. माझ्या नकाशावरच्या अक्षरांना सगळ्यांदेखत म्हणाले, "हे अक्षर हाय का मुंग्या मेल्या?" तेव्हापासून ऑफिसात माझं नाव मुंग्या पडलं. शिपाईसुद्धा मला मुंग्या म्हणायचा. दोन वर्षांत त्यांनी माझ्या कामाला एकदाही बरं म्हटलं नाही. फार झालं तर "हं." त्या "हं"साठी मी घरी जाऊन पाटीवर अक्षरं गिरवायचो, बावीस-तेवीस वर्षांचा घोडा. आणि वरून त्यांची ती खोड. पेन्सिलीनं काढलेल्या चित्रावर ते एकही अक्षर लिहीत नसत. "ज्या चित्रावर वाचा लागते, ते चित्र नाई." अक्षरं, आकडे, नावं, सगळं शाईच्या प्रतीवर, म्हणजे मुंग्यानं लिहायचं.

बोरगाव मेघेला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे मी एकदाच जेवलो. पातोडीची भाजी होती. काकू आष्टीला शाळेत शिकवायच्या, अठरा वर्षं त्यांनी वर्ध्याहून अपडाऊन केलं. जाताना अडीच तास, येताना अडीच तास. वाढता वाढता त्याच सांगू लागल्या.

"सकाळी निघाच्या अगोदर एक कप चहा. मंग पाणी संध्याकाळी घरी येऊनच."

मी म्हटलं, "दिवसभर?"

"मंग काय करू जी? रस्त्यात उतरून जाऊ कुठी? पुरुषायचं बरं हाय, झाडाकडे तोंड केलं का झालं." मग त्यांनी काकांकडे बोट केलं. "आन यायले इचारा. रस्त्याच्या खात्यात हाय न हे! अठरा वर्स यायले मालूमच नाई. मले मुतखडा झाला तवा डाक्टरनं इचारलं, बाई पाणी पित नाई काय? हे म्हणे, मले काय मालूम!"

काका ताटातला भात बोटांनी उगाच कालवत बसले होते. इतरांना गाडीत, स्टँडवर, साहेबांच्या खोलीत भलते प्रश्न विचारणारा हा माणूस स्वतःच्या घरात एक प्रश्न विचारायला अठरा वर्षं विसरला होता. तेवढ्यावरून मला त्यांची कीव आली. पण ती काही फार दिवस टिकली नाही, दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझा चहा ओतला.

आणि मग एकदाचं वरून पत्र आलं. येत्या काळातल्या वाढत्या प्रवाशांचा विचार करून महामार्गावर एक आदर्श विश्रांतिस्थळ बांधायचं, नमुना म्हणून. जागा नागपूर-अमरावती रस्त्यावर, तळेगावच्या अलीकडे, एका तुरीच्या शेताला लागून. काकूंची आष्टीची गाडी महामार्गाला लागायची तो फाटा तिथून जवळच. त्या दिवशी काकांनी सगळ्या ऑफिसला गोरसपाक, वर्ध्याची ती जाड बिस्किटं, वाटली. स्वतः दोन खाल्ली, चहाशिवाय कोरडीच, आणि बोर्डाला बसले ते पावसाळा संपेपर्यंत उठले नाहीत.

काय नव्हतं त्या चित्रात! ट्रकवाल्यांसाठी कडुनिंबाखाली बाजा टाकायची जागा, कारण ते आडवे झालेच तर बाजेवरच होतात, बाकावर नाही. सतरा इंचांचे ओटे, आणि तेसुद्धा दुपारी तीनच्या सावलीत येतील असे. बायकांच्या खोलीत आतून भिंतीला खुंटी. "बाईजवळ पिशवी असते. ठेवन कुठी, ओल्यात?" खुंटीच्या खाली लहान पोराला टेकवून उभं करायला एक कट्टा. कडी दाराच्या वरच्या अंगाला, पोराचा हात पोचणार नाही तिथे. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते मला दिवसातून तीनदा सांगायचे. "बाई आत गेल्यावर दिसत नाई ते ठीकच हाय. आत जाताना बी दिसली नाई पायजे. जाताना दिसते म्हून तं जात नाई ते."

म्हणून इमारत अशी काढली होती, लांबट. एक टोक रस्त्याकडे, दुसरं तुरीच्या शेताकडे. रस्त्याच्या टोकाला चहाचा ओटा, तिथे पुरुष बसतील. बायकांची दारं पार दुसऱ्या टोकाला, शेताकडे तोंड करून. समोर तूर, तिकडून कोणी येत नाही, जात नाही. बाईनं ओट्याला वळसा घालायचा आणि नाहीसं व्हायचं. आडभिंतसुद्धा लागत नव्हती. मी काय इंजिनियर नाही, पण इतकं साधं आणि इतकं बरोबर चित्र मी त्यानंतर पाहिलेलं नाही.

अलीकडे नागपूरला एका मीटिंगला गेलो होतो. आता रस्ता चौपदरी होऊन राहिला आहे, तेव्हा भावी प्रवाशांसाठी अशा जागा कशा असाव्यात ते भिंतीवर रंगीत चित्रं पाडून दाखवत होते. हिरवळ, कारंजं, काचेची दारं. बायकांची सोय अगदी दर्शनी, भव्य पाटीसकट, रस्त्याकडे तोंड. टाय लावलेला पोरगा विचारत होता, कोणाच्या काही सूचना? मी तिथे सगळ्यात जुना. मी बिस्किट खाल्लं.

पण मी सांगत होतो ते चित्राचं. ते पूर्ण होत आलं आणि काकूंचं दुखणं उलटलं, मूत्रपिंडाचं ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं. काका सुट्टीवर गेले. जाताना पेन्सिलीचं चित्र माझ्या बोर्डावर ठेवलं. "आठ दिवसांत शाईचं करून ठेव." बस. ते चित्र बटर पेपरवर होतं. पातळ, आरपार दिसणारा कागद, दोन्ही बाजूंनी रेघा सारख्याच. त्यावर, मी सांगितलंच, एकही अक्षर नाही.

मी तो कागद पालथा चिकटवला.

इतकंच. कोणी कट केला नव्हता. सकाळची वेळ होती, पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता, मी तो धरला आणि टेप लावला. वर शाईच्या प्रतीची पारदर्शक फिल्म टाकली आणि आठ दिवस खाली मान घालून शाईच्या रेघा मारल्या. डावं ते उजवं झालं. नावं लिहिताना प्रत्येक खोलीला बरोबर नाव दिलं, खोल्या तर ओळखू येतच होत्या. अक्षर इतकं सुंदर काढलं की काय सांगू. रस्ता कोणीकडे आहे हे त्या कागदावर नव्हतंच. जागेचा नकाशा वेगळा, तो दुसऱ्या ऑफिसातून यायचा होता.

फिल्मवर 'तपासले' म्हणून काकांची सही लागायची. मी गुंडाळी घेऊन दवाखान्यात गेलो. काका वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते, दाढी वाढलेली, मांडीवर काकूंची चप्पल. गुंडाळी अर्धीच उघडली, कोपऱ्यातली माझी अक्षरं पाहिली.

"मुंग्या नाई न मारल्या?"

"नाई जी."

"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि मांडीवरच सही केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं काम न तपासता घेतलं.

पंधरा दिवसांनी जागेचा नकाशा आला. दोन्ही एकत्र शिवून वर पाठवायचे होते. मी एकावर एक ठेवले आणि पाहिलं. चहाचा ओटा गेला होता तुरीकडे. आणि बायकांची दारं आली होती रस्त्यावर, डांबरापासून बारा पावलांवर, थेट ट्रक उभे राहण्याच्या जागेसमोर.

साहेबांची खोली माझ्या टेबलापासून वीसेक पावलं असेल. जाऊन सांगायचं, साहेब, चुकलं, आठ दिवस द्या. पण त्याच साहेबांच्या टेबलावर माझ्या कायम होण्याचा कागद सहीसाठी पडला होता. घरी माझं लग्न ठरत होतं, मुलीकडचे विचारत होते, पोरगा पक्का झाला का. आणि आता इतक्या वर्षांनी खोटं कशाला बोलू, ह्या सगळ्याखाली आणखी एक गोष्ट होती. मला थोडं बरंही वाटलं. मेलेल्या मुंग्या म्हणत होता न, म्हटलं, घे आता. हे वाटणं घटकाभराचंच होतं, पण तेवढ्या घटकेत मी नकाशे शिवले आणि पाठवून दिले. बटर पेपर घरी नेला आणि ट्रंकेत तळाशी घातला. जाळायला निघालो होतो, हात झाला नाही.

पुढचं सगळं सरकारी वेगानं झालं. मी कायम झालो. लग्न झालं. काकू दवाखान्यातून घरी आल्या, एका मूत्रपिंडावर. काम सुरू झालं तेव्हा भिंती दारांच्या उंचीला येईपर्यंत आमच्यापैकी कोणी तिकडे फिरकलं नाही. मग एका सकाळी काका आणि मी जीपमधून गेलो. गाडीत ते इतके खुशीत होते की ड्रायव्हरलाही त्यांनी विचारलं नाही तू कुठे थांबतोस.

उतरले आणि उभेच राहिले. मग रस्त्याच्या कडेपासून दारापर्यंत चालत गेले, पावलं मोजत. परत आले. पुन्हा मोजली. चौथ्यांदा मोजून झाल्यावर मला म्हणाले, "हे उलटं झालं बे."

मी म्हटलं, "हो का जी?"

साहेबांकडे त्यांनी डोकं आपटलं. आता बदल म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा दोन वर्षं. साहेब म्हणाले, "संडास तो संडास. तोंड कोणीकडे असलं म्हणून काय? बायका करतील ॲडजस्ट." निदान समोर आडभिंत घाला, काका म्हणाले. आडभिंत नकाशात नव्हती. आणि चूक कोणाची हे विचारणारं पत्र मात्र चार दिवसांत आलं, त्याला मंजुरी लागत नाही. नकाशावर 'तपासले' समोर सही काकांची. त्यांनी उत्तर एका ओळीचं दिलं, 'चूक माझी आहे.' निवृत्तीला सहा महिने असताना त्यांच्या नावावर ठपका बसला, चौतीस वर्षांत पहिला.

मला फक्त एकदा विचारलं. "तो बटर पेपर कुठी हाय?"

"गठ्ठ्यात असन जी. पाह्यतो."

पुन्हा आठवण केली नाही. मीही पाहिलं नाही. पाहायचं काय होतं?

उद्घाटनाला फीत होती, हार होते, भाषण होतं. दुसऱ्या दिवसापासून जे झालं ते काकांनी आपल्या वहीत लिहून ठेवलं. एसटी थांबते. बायका उतरतात, पाटी पाहून खुश होतात, दाराकडे निघतात. दारासमोर ट्रकच्या बोनेटला टेकून चार जण उभे असतात. त्या तिथूनच मागे फिरतात. पूर्वी अगदीच अडलं तर त्याच बायका मुकाट्यानं तुरीत जायच्या. आता तुरीच्या बांधाला आमचा आदर्श चहाचा ओटा लागला होता, आणि सतरा इंचांवर आरामात बसलेले पुरुष चहा पीत शेताकडेच पाहत असायचे. म्हणजे जी काय होती ती सोयही आम्ही बांधकाम करून मोडली. वर्षभरात बायकांच्या एका खोलीत कोणीतरी सिमेंटच्या गोण्या रचल्या. दुसरीला कुलूप लागलं, किल्ली कोणाकडे ते ठाऊक नाही.

निवृत्त झाल्यावर काका रोज तिथे जाऊ लागले. कुलूप त्यांनी दगडानं फोडलं. मग दोन छत्र्या उघडून, एक ह्या हातात एक त्या हातात, ते दाराकडे पाठ करून उभे राहायचे. स्वतःच आडभिंत. बायकांना म्हणायचे, "जा माय, मी पाह्यत नाई. कोणाले पाहू बी देत नाई." दहातली एखादी जायची. ती आली की छत्री काखेत धरून वहीत रेघ मारायचे.

कंडक्टरनं वर्तवलेला दिवस उजाडायला दीड वर्ष लागलं. ऑफिसात फोन आला, जवळच्या पोलीस चौकीतून. खिशात जुनं ओळखपत्र सापडलं म्हणून. साहेब म्हणाले, मुंग्या, तुझा काका तो, तूच जा. गेलो. काका बाकड्यावर बसले होते, ओठ फुटलेला, शर्टाची बाही फाटलेली, एका छत्रीच्या काड्या वाकलेल्या. गाडीतल्या एका बाईबरोबरच्या माणसांनी चोपलं होतं.

जमादार म्हणाला, "हा म्हातारा बायायच्या संडासापुढे वही घेऊन उभा राह्यते. किती गेल्या ते लिहिते. असे धंदे ह्या वयात! वळखता काय तुमी?"

काका माझ्याकडे पाहत होते. मी काय काय सांगू शकलो असतो! हे घर ह्या माणसानं बायकांसाठीच काढलं, त्यांच्या चित्रात ती दारं शेताकडे होती, ती मी फिरवली, आणि माझ्या चुकीपुढे हा रोज उन्हात छत्र्या धरून उभा राहतो. जमादार काही वाईट माणूस नव्हता, त्यानं ऐकलं असतं. पण माझ्या तोंडून सोपं तेच निघालं.

"बह्याड हाय जी. डोक्यानं जरा कमी हाय. सोडून द्या."

जमादार हसला आणि सोडून दिलं. काकांनी वाकलेली छत्री उचलली, मिटायचा प्रयत्न केला, मिटेना. तशीच घेऊन माझ्यामागे निघाले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. आर्वी आली. मग खिडकीकडे पाहतच म्हणाले, "एक इचारू? रागावजो नको."

"विचारा न."

"तू तो कागद पालथा तं नाई चिकटवला होता? तसं होते बे. माह्या हातून बी झालं असन कवाकवा. खरं सांग, मी कोणाले सांगत नाई. मले फक्त मालूम पायजे."

आता साहेबांची भीती नव्हती, कायम होण्याचा कागद नव्हता, काहीच नव्हतं. ठपका त्यांच्या नावावर बसून गेला होता, तो काही उठून माझ्याकडे येणार नव्हता. माणूस समोर बसून हात जोडल्यासारखं विचारत होता.

"नाई जी काका," मी म्हणालो. "तुमचं होतं तसंच केलं म्या."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "मंग माह्यीच. तिच्या दुखण्याच्या घोरात रस्ता उजवीकडे धरला असन मी. तरी म्हणलं."

त्यानंतर ते तिकडे गेले नाहीत. छत्र्या माळ्यावर टाकल्या असं ऐकलं. मीही बोरगावला गेलो नाही, वेळ कुठे होता, असं स्वतःला सांगत राहिलो. दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी ते गेले, झोपेतच. तेराव्याला मात्र जावं लागलं.

काकूंनी आतून एक गठ्ठा आणला. दीडशेच्या वर कागद असतील. सगळ्यांवर तीच लांबट इमारत, पेन्सिलीची, एकही अक्षर नसलेली. कधी रस्ता डावीकडे कल्पून, कधी उजवीकडे. "रोज बसत जी," काकू म्हणाल्या. "काहाले काढता म्हणलं तं म्हणे, कुठी चुकलो ते पाहून राह्यलो. डोळ्यानं दिसत नव्हतं तरी भिंग लावून काढत. मराच्या आदल्या दिवशी बी काढलं. पण सापडलं नाई त्यायले." 

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. अंगणात लोक जेवून उठत होते, कोणी हात धुवायला पाणी मागत होतं. काकू जरा जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमी तं शेजारीच बसत होते त्यायच्या. एक खरं सांगा मले. माह्यं आपरेशन त्याच टायमाले निघालं. जिंदगीत एक चीज मागतली त्या माणसानं, ते बी माह्यासाठी. माह्या दुखण्यापायीच चुकलं न जी ते?"

ट्रंक माझ्या घरी होती, कागद ट्रंकेत होता. बोरगावहून माझं घर सायकलनं पाऊण तासही नाही.

"हो जी काकू," मी म्हणालो. "त्यायचं ध्यान नव्हतं तेव्हा."